एका सज्जन जोडप्यासाठी

भाड्याचं घर शोधणं हे मुळीच अवघड काम नाही. अवघड आहे ते आपल्याला घर हवंय हे चेहऱ्यावर दिसू न देणं. लोक तिथंच मार खातात. बायका खिडकीतून बाहेर बघून 'अगबाई, किती छान' म्हणतात. नवरे स्वयंपाकघरातला नळ सोडतात आणि पाणी आलं की हसतात. त्या हसण्याबरोबर भाडं वाढतं. गरजवंताला अक्कल नसते ही म्हण बहुतेक एखाद्या घरमालकानंच, नळाचं पाणी बघून हसणाऱ्या नवऱ्याकडे पाहत पाडली असावी.

हे सगळं मी आमच्या बायकोला समजावून सांगत होतो, तेव्हा ती खोक्यात पातेली भरत होती.

"पातेली आत्तापासून कशाला?"

"महिनाअखेरीला घर सोडायचंय म्हणून."

"आणि तोवर स्वयंपाक?"

"एक ठेवलंय बाहेर. त्यात होईल ते खायचं."

आमच्या घरमालकांची मुलगी परत येणार होती. तिला तिच्या वडिलांचं घर हवं होतं आणि त्यात चूक काहीच नव्हती. ते घर शहराच्या बाहेर, हायवेला लागून होतं. हवा भरपूर. खरं म्हणजे हवेशिवाय तिथं दुसरं काही नव्हतंच. पाव आणायचा तर आधी गाडीची किल्ली शोधावी लागायची. इतकी वर्षं मी गाडी चालवत होतो म्हणून चाललं. पण मध्यंतरी डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला समोरच्या भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला आणि मी विचारलं, "कुठली भिंत?" त्यांनी गाडीची किल्ली तिथल्या तिथं बायकोच्या हातात द्यायला लावली.

बायकोला गाडी येत नाही. एकदा मी तिला शिकवायला घेतलं होतं. चौकापर्यंत गेलो. तिथं गाडी बाजूला लावून आम्ही दोघांनी शांतपणे ठरवलं, की गाडी आणि संसार यांतलं एकच काहीतरी चालवायचं.

थोडक्यात काय, किल्ली होती, गाडी होती आणि बायको दिवसभर खिडकीत बसून हायवेवरचे ट्रक बघत होती. भाजी तिचा भाऊ आठवड्यातून एकदा आणून टाकायचा, त्याला बरी वाटेल ती. एरवी ही बाई कशाबद्दल हट्ट धरणारी नव्हे. पण या वेळी तिनं पातेली बाजूला ठेवून मला समोर बसवलं.

"मला लिफ्ट नको, पार्किंग नको, मोठा हॉल नको. मला फक्त एवढंच हवंय, की चपला पायात सरकवल्या, खाली उतरले आणि एक लिंबू घेऊन आले. कुणाला न विचारता. तुम्हालासुद्धा."

"मिळेल," मी म्हणालो.

"भाडं आपल्याला परवडेल असं."

"तेही मिळेल."

मेहुणा तिथंच भाजीची पिशवी रिकामी करत होता. तो म्हणाला, "भाऊजी, एखादा एजंट धरा. तुमच्यानं नाही व्हायचं."

"एजंट कशाला? आयुष्यभर माणसांवर लिहिलंय मी. मला माणसं वाचता येतात."

"डॉक्टर तर म्हणाले, भिंतसुद्धा वाचता येत नाही."

या मेहुण्याबद्दल मी एके काळी बरंच विनोदी लिहिलेलं आहे. ते कमी पडलं असं मला त्या दिवशी वाटलं.

मी दुसऱ्याच दिवशी कामाला लागलो. छत्री घेतली आणि बसनं जुन्या बाजाराच्या गल्लीत उतरलो. गल्ली माझ्या मनात आधीपासून होती. बेकरी, वाचनालय, भाजीवाल्या, छोटी बाग, बसथांबा, सगळं हाकेच्या अंतरावर. गल्लीच्या या टोकाला कुणी शिंकलं तर त्या टोकाचा औषधवाला गोळी काढून ठेवेल, इतकं जवळ. रस्ता अरुंद असल्यामुळे गाड्या आत यायला बिचकतात आणि माणसं मधोमध उभी राहून बोलतात. मी बरोबर मधोमध असलेल्या शिंप्याच्या दुकानात शिरलो, कारण शिंप्याला सगळ्यांची मापं ठाऊक असतात.

"इकडं कुठं रिकामी जागा आहे का हो?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

शिंपी शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाला, "कुणाला हवीय?"

इथंच माझ्या योजनेचा गाभा होता. मी गरजवंत दिसता कामा नये.

"मला नकोय. माझ्या ओळखीचं एक सज्जन जोडपं आहे, त्यांच्यासाठी."

"किती माणसं?"

"दोघंच. वयस्कर."

"भांडतात?"

"आवाज न करता."

शिंप्यानं यंत्र थांबवलं. गळ्यातली टेप सारखी करून मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पायानंच एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. "बसा काका. बघू या."

त्याचं 'बघू या' म्हणजे नुसता शब्द नव्हता. दुपारपर्यंत गल्लीला कळलं होतं, की छत्रीवाले एक काका आलेत आणि त्यांच्याकडे सज्जन जोडपं आहे. जो तो मला जागा दाखवायला घेऊन जायला लागला. बेकरीच्या मागची खोली. वाचनालयाच्या वरचे दोन खण. बागेकडे तोंड केलेला एक ब्लॉक, त्याचं तोंड बागेकडे आणि पाठ गटाराकडे. मी प्रत्येक ठिकाणी छत्रीच्या टोकानं भिंतीवर टकटक करायचो, थोडा वेळ ऐकल्यासारखं करायचो आणि म्हणायचो, "हं."

या 'हं'मध्ये काय ताकद आहे ते मला उशिरा कळलं. लिहिण्याच्या काळात कळलं असतं तर एवढी वाक्यं जुळवत बसलो नसतो. भिंतीतून काय ऐकू यायला हवं हे मला ठाऊक नव्हतं, पण घरमालकांनाही ठाऊक नव्हतं. मी 'हं' म्हटलं की ते दचकायचे. "ओल आधी होती काका, आता काढून घेतली," असं न विचारता सांगायचे. दुसऱ्यांदा 'हं' म्हटलं की भाडं कमी करायचे.

घरी आलो की बायको विचारायची, "आज?"

"बेकरीच्या मागे एक खोली आहे. सकाळी पावाचा वास येतो. भाडं उतरतंय."

"मग घ्या की."

"अजून उतरेल. फळ झाडावर पिकू द्यावं."

"आणि दुसऱ्यानं तोडलं म्हणजे?"

बायकांना धीर नसतो, असं मी मनात म्हणालो. आता दुसऱ्यानं ते कसं तोडलं ते सांगतो.

एका सकाळी मी स्टुलावर बसलो होतो आणि एक नर्सबाई गणवेश सैल करून घ्यायला आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, हॉस्पिटल इथून जवळ आहे, पण राहायला जागा मिळत नाही, पहाटेची बस चुकते. शिंपी म्हणाला, "अहो, काकांना विचारा ना."

त्या माझ्याकडे वळल्या. कुणीतरी आपल्याला काहीतरी विचारावं आणि आपल्याला त्याचं उत्तर खरोखर येत असावं, हा योग निवृत्तीनंतर फार दुर्मीळ असतो. घरी मला विचारतात ते एवढंच, 'चष्मा कुठं ठेवलात?' आणि तेही येत नाही. मला राहवलं नाही.

"तुम्ही पहाटे उठता ना? मग बेकरीच्या मागची खोली बघा. भट्टी पहाटेच पेटते, थंडीत ऊब राहील. मालकाला सांगा, काकांनी पाठवलंय."

त्या संध्याकाळी नर्सबाई तिथं राहायलाही गेल्या. मला चुटपुट लागली, पण थोडीच. बेकरीची खोली तशी आम्हाला उकडलीच असती.

मग व्हायोलिनचे मास्तर आले. त्यांना कुणी जागा देत नव्हतं. वाचनालयाच्या वरच्या खणांचे मालक कानानं कमी होते. मी दोघांची गाठ घालून दिली आणि दोघांचंही कल्याण झालं. मग बागेकडे तोंड असलेला ब्लॉक. तो मी नाकानं अधू असलेल्या एका गृहस्थाला मिळवून दिला. कुणाचं काय कमी आहे आणि ते कुठं खपून जाईल, एवढंच बघायचं असतं. व्यंगावरच लिहिण्यात हयात गेलेली. असा माझा हात बसला म्हणता, की स्टुलावर उशी आली. चहाबरोबर बिस्किटं यायला लागली. शिंप्याच्या दुकानालाही त्याच दिवसांत बरकत आली. छताला नवा पंखा लागला, दारावर नवी पाटी आली. माझा पायगुण असेल, असं मी मनात म्हणालो. मोठ्यानं म्हटलं असतं तर शोभलं नसतं.

फक्त आमचं सज्जन जोडपं तेवढं अजून हायवेवर होतं.

एक दिवस शिंप्याच्या दुकानाच्या वरून हाक आली. दुकान ज्या घरात होतं त्या घराच्या मालकीणबाई वरच्या जिन्यात उभ्या होत्या. उंच, सडसडीत आणि कंबरेला किल्ल्यांचा जुडगा. त्या स्वतः मागच्या बाजूला राहायच्या. दुकानावरची जागा बरेच महिने कुलूप लावून ठेवली होती.

"तुम्हीच का ते छत्रीवाले काका? या वर."

वर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्यावर एक गॅलरी. गॅलरीत एक खुर्ची राहील आणि शेजारी दुसरी ठेवली तर गुडघे एकमेकांना लागतील, एवढी. मी भिंतीवर टकटक करायला विसरलो. गॅलरीच्या खाली भाजीवाली बसली होती आणि तिच्या टोपलीत लिंबांचा ढीग होता. जिना उतरून चार पावलं टाकली की लिंबू. मला माझी बायको ते निवडताना दिसली. एक उचलून परत ठेवणारी, दुसरं उचलणारी.

"हं," मी म्हणालो, पण ते नेहमीचं 'हं' नव्हतं.

"भाडं मी जास्त घेत नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "माणसं बघून देते. ते तुमचं सज्जन जोडपं आहे ना? कसे आहेत?"

"बाई फारच चांगल्या. शांत, नीटनेटक्या."

"आणि ते?"

आता स्वतःची स्तुती करायची वेळ आली, की माणूस जरा सैल होतो. दुसऱ्याच्या नावानं करायची असली तर फारच.

"तेही उत्तम. लेखक आहेत. विनोदी लिहायचे. एके काळी बरंच नाव होतं."

मालकीणबाईंनी किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट धरला. "लेखक नको."

"का हो?"

"मागचा भाडेकरू लेखक होता. दिवसभर येरझाऱ्या घालायचा. खाली शिंप्याच्या डोक्यावर चुना पडायचा. भाडं मागितलं की म्हणायचा, सुचत नाहीये. शेवटी गेला आणि त्यानं मला गोष्टीत घातली. गोष्टीत मला मिशा होत्या."

"हे आता निवृत्त झालेत."

"ते तर आणखी वाईट. आधी जे कागदावर लिहायचा ते आता तोंडानं सांगणार."

मला यावर बरंच काही बोलायचं होतं. पण तेही तोंडानंच सांगावं लागलं असतं.

"तुम्ही दुसरं कुणीही आणा काका," त्या म्हणाल्या. "तुमच्या शब्दावर जागा देईन. गल्लीत सगळे सांगतात, तुमची पारख चुकत नाही."

तर अशी परिस्थिती होती. शहरातलं आम्हाला हवं तसं एकुलतं एक घर माझ्या हातात होतं. ते मी कुणालाही देऊ शकत होतो. फक्त मला सोडून.

घरी गेलो तेव्हा बायको शेवटची भांडी कागदात गुंडाळत होती.

"आज?"

"एक बघितलं. गॅलरी आहे. खाली भाजीवाली बसते." मी थोडा थांबलो. "लिंबं असतात तिच्याकडे."

तिचे हात थांबले. "मग?"

"ते जमण्यासारखं नाही."

का म्हणून तिनं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तिनं खोकं मिटलं आणि त्यावर चिकटपट्टी ओढली. चिकटपट्टीचा आवाज इतका लांब असतो हे मला माहीत नव्हतं. मग ती उठून खिडकीत जाऊन बसली आणि ट्रक बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती भावाला घेऊन बाहेर पडली. कुठं जातेस विचारलं तर म्हणाली, जरा जाऊन येते. मी त्या दिवशी गल्लीत गेलो नाही. गॅलरीकडे बघवलं नसतं. दुपारी ती परत आली तेव्हा तिचा चेहरा असा होता, की मी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"मिळाला," ती म्हणाली.

"काय?"

"माणूस. तुम्ही इतके दिवस जिथं जाता ना, त्याच गल्लीत. औषधवाल्याला विचारलं, जागा आहे का कुठं. तो म्हणाला, जागेचं मला विचारू नका, छत्रीवाल्या काकांना विचारा. बेकरीवाला तेच म्हणाला. एक नर्स भेटली, तिच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. इतका भला माणूस आहे म्हणे, ज्याला जे हवं ते बरोबर शोधून देतो. तुम्हाला कसे नाही भेटले कधी?"

"गल्ली मोठी आहे," मी म्हणालो.

मेहुणा दारात उभा होता. "मी म्हटलं नव्हतं, एजंट धरा? बघा, त्या काकांनी अख्खी गल्ली वसवली. आणि तुम्ही?"

आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस माझी स्तुती करत होता आणि मला ती घेता येत नव्हती.

बायको पंख्याखाली बसत म्हणाली, "छत्रीच्या मुठीला निळी लोकर गुंडाळलेली आहे म्हणे."

दाराच्या कोपऱ्यात माझी छत्री उभी होती. तिची मूठ तुटली तेव्हा बायकोनंच तिला उरलेली निळी लोकर गुंडाळून दिली होती. मी सहज उठल्यासारखा उठलो आणि छत्रीच्या पुढे जाऊन उभा राहिलो.

"निळी लोकर काय, कुणाकडेही असते."

"असते की. मी कुठं काय म्हटलं." तिनं पाणी प्यायलं. "शिंपी म्हणाला, उद्या सकाळी ते त्याच्या दुकानात भेटतील. तुम्ही येता का?"

"मला काम आहे."

"कसलं?"

"घर शोधायचंय."

"बरं," ती म्हणाली.

सकाळी मी तिच्या आधी निघालो. न जाण्याचा विचार केला होता. पण मी गेलो नसतो तर ती त्या उशीच्या स्टुलासमोर उभी राहून परत आली असती, आणि संध्याकाळी पुन्हा चिकटपट्टी. म्हणून गेलो. स्टुलावर बसलो. छत्री दोन पायांत धरली. निळी लोकर हातानं झाकता येईल तेवढी झाकली.

ती आली. मेहुणा गाडी लावायला जागा शोधत गल्लीला प्रदक्षिणा घालत होता, आणि त्या गल्लीची रुंदी बघता तो संध्याकाळपर्यंत फिरला असता. तिनं चष्मा पुसला, घातला, माझ्याकडे नीट बघितलं.

"नमस्कार काका," बायको म्हणाली.

इतक्या वर्षांच्या संसारात मला तिनं बरीच विशेषणं लावली आहेत. हे नातं पहिल्यांदाच लावलं.

"नमस्कार," मी म्हणालो. "बसा."

"काकू, काय हवंय ते मोकळेपणानं सांगा," शिंपी म्हणाला. "काका जादूगार आहेत."

"दोन खोल्या. गॅलरी असली तर बरं. खाली लिंबू मिळायला हवं. आम्ही दोघंच असतो."

"मिस्टर काय करतात?" शिंप्यानं विचारलं.

"घर शोधतात."

शिंपी हसला. मी हसलो नाही. शिंप्यानं वर तोंड करून मालकीणबाईंना हाक दिली, कारण ही जागा याच काकूंना द्यायची हे त्याच्या मते ठरलेलंच होतं. मालकीणबाई आल्या आणि आम्ही सगळे जिना चढून वर गेलो. मी मागं राहिलो.

बायको सरळ गॅलरीत गेली. कठड्यावर हात ठेवला, खाली बघितलं आणि म्हणाली, "अगबाई, किती छान आहे हो."

मी डोळे मिटले. झालं. भाडं आता आकाशाला भिडणार. एवढे दिवस शिकवलेलं सगळं पाण्यात.

"खरंच आवडली?" मालकीणबाईंचा आवाज मऊ झाला होता. "या जागेला छान म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. माझ्या सासूबाई संध्याकाळी इथंच बसायच्या. मी भाडं थोडं कमी करते तुम्हाला. हे काका तर नुसतं 'हं' म्हणून गेले. मी घाबरले, म्हटलं भिंतीत काय ऐकू आलं यांना."

"त्यांना कमी ऐकू येतं," बायको म्हणाली. "म्हणजे, या वयात येतंच."

मग मालकीणबाईंनी मुद्द्याला हात घातला. "तुमचे मिस्टर लेखक नाहीत ना?"

मी भिंतीकडे बघायला लागलो.

"पूर्वी होते," बायको शांतपणे म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही, ते काम घरात माझ्याकडे असतं. "आता कुणी छापत नाही."

"येरझाऱ्या?"

"गुडघे दुखतात."

"गोष्टीत माणसं घालतात?"

"माझ्या भावाला घालायचे. कुणी वाचलं नाही."

मालकीणबाईंनी बराच विचार केला. मग त्या माझ्याकडे वळल्या. "काका, तुम्ही ओळखता ना यांच्या मिस्टरांना? तुमच्या शब्दावर देते. हमी घेता त्यांची?"

मी बायकोकडे बघितलं. ती गॅलरीच्या दाराला टेकून उभी होती. मजा बघत नव्हती, वाट बघत होती. मागं खालून भाजीवालीची हाक ऐकू येत होती.

"बाईंची घेतो," मी म्हणालो.

"आणि त्यांची?"

"ओळख आहे. स्वतःला फार शहाणा समजतो. पण निरुपद्रवी आहे."

"घेतली हमी?"

"घेतली."

मालकीणबाईंनी जुडग्यातून एक किल्ली सोडवली आणि बायकोच्या हातात ठेवली. जिन्यावरून उतरताना बायको माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा ऐकलं होतं. काखेत छत्री आजच बघितली."

सामान आणलं त्या दिवशी मी पहिल्या खोक्यापासून जिना चढत होतो. मालकीणबाई वरून म्हणाल्या, "काका, तुम्ही कशाला उचलताय? भाडेकरूंसाठी एवढं करता?"

"उचलू दे त्यांना," बायको म्हणाली. "व्यायाम होतो."

दुपारपर्यंत सगळं लागलं. मेहुणा गेला. मी चपला काढून गॅलरीतल्या खुर्चीत बसलो आणि पाय कठड्यावर टाकले. मालकीणबाई दुसरी किल्ली द्यायला आल्या. माझ्या पायांकडे त्यांनी जरा वेळ बघितलं.

"काका, झालं ना काम? आता घरी जाऊन पडा. आणि काकू, तुमचे मिस्टर अजून कसे आले नाहीत?"

"हे काय, बसलेत," बायको म्हणाली.

मालकीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. छत्रीकडे बघितलं. पुन्हा माझ्याकडे.

"म्हणजे लेखक हेच?"

"होतो," मी म्हणालो. पाय खाली घेतले. "मी कुणालाही मिशा लावणार नाही."

"आणि हमी?"

"ती यांनीच घेतलीय," बायको म्हणाली.

मालकीणबाईंचा हात जुडग्यावर गेला. मला वाटलं, आता खोकी परत खाली. बायकोलाही तसंच वाटलं असावं, कारण तिनं कठडा धरला. मालकीणबाईंनी तिचा तो हात बघितला.

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. "काही बिघडलं तर दोघांना शोधत फिरायला नको. एकाच माणसाला धरीन." आणि दुसरी किल्ली त्यांनी खिळ्याला अडकवली.

त्या खाली जातात न जातात तोच शिंपी वर आला. टेपशी चाळा करत दारातच उभा राहिला.

"काका, जागा लागली छान. आनंद वाटला. ते जरा... कमिशनचं बघायचं होतं."

"कसलं कमिशन?"

"छत्रीवाल्या काकांचं."

"अहो, छत्रीवाला मीच."

"तुम्हीच तर. पण तुम्ही पैशाचं नाव काढत नाही, सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होतं. म्हणून मी घेतो. नर्सबाईंनी दिलं, मास्तरांनी दिलं." त्यानं मान खाली घातली. "दुकानात पंखा नको का? तुम्हाला घाम यायचा. तुमच्याकडून निम्मंच घेईन."

मी त्या पंख्याखाली बसून आपल्या पायगुणावर खूश होत होतो, ते दिवस माझ्या डोळ्यांसमोरून गेले. बायकोनं पर्स उघडली. शिंप्यानं पैसे खिशात टाकले, माझ्या ढगळ सदऱ्याकडे बघून म्हणाला, "बाही एकदा आत घेऊन देईन, फुकट," आणि गेला.

"मी बोललोच होतो," मी म्हणालो. "एजंटशिवाय घर मिळतं."

ती चपला पायात सरकवत होती.

"कुठं?"

"लिंबू आणते," ती म्हणाली आणि पुढं काही न विचारता जिना उतरून गेली.

मी गॅलरीतून बघत राहिलो. इतक्या जवळचं मला दिसतं. ती टोपलीपाशी थांबली, एक लिंबू उचललं, ठेवलं, दुसरं उचललं. भाजीवालीशी काहीतरी बोलली, दोघी हसल्या. मग ती पुढं गेली. तिच्या चालीवरून मला ती दुरूनही ओळखू येते. वाचनालयाच्या पायरीवर चढली, उतरली. औषधवाल्यानं तिला बोलावलं. बेकरीच्या काचेत तिनं वाकून बघितलं. बागेच्या फाटकातून आत गेली आणि दिसेनाशी झाली. मी चहा ठेवला, चहा प्यायलो, कप विसळला. ऊन गॅलरीतून उतरून भाजीवालीच्या पाठीवर गेलं, तेव्हा ती जिना चढून आली. तोंडावर घाम आणि हातात काहीही नाही.

"लिंबू?" मी विचारलं.

तिनं आपल्या रिकाम्या हातांकडे बघितलं.

"विसरलेच," ती म्हणाली. "थांबा, परत जाऊन येते."

आणि तिनं घाईघाईनं चपला पायात घातल्या. मी खुर्चीत नीट टेकून बसलो, छत्रीनं भिंतीवर एकदा टकटक केलं आणि म्हणालो, "हं."